आकडा कोण ठरवतं? मॉलिक्युलर रेडिओथेरपीतल्या भौतिकतज्ज्ञाच्या कामाची पार्श्वभूमी

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) असलेल्या पेशंटला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडलेलं औषध शिरेतून देतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी मात्रा एकच असते: ७.४ गिगाबेक्वेरेल, जुन्या भाषेत २०० मिलिक्युरी (दोन्ही एककं दिलेल्या पदार्थाच्या किरणोत्सारी सक्रियतेची). आठ-आठ आठवड्यांनी, चार वेळा. पेशंटचं वजन पंचेचाळीस किलो असो की नव्वद, गाठ एकच असो की यकृतभर पसरलेली, आकडा तोच. त्याच हॉस्पिटलात लिनॅकवर, म्हणजे बाहेरून किरणं देणाऱ्या मशीनवर, मात्र प्रत्येकाचा सीटी काढून, गाठीला किती ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं, म्हणजे डोसचं एकक) आणि शेजारच्या आतड्याला किती, याचा स्वतंत्र प्लॅन झाल्याशिवाय मशीन सुरूच करत नाहीत.

दोन्हीकडे काम किरणोत्सर्गाचंच. मग एकीकडे काटेकोर हिशेब आणि दुसरीकडे ठोक मात्रा, असं का झालं? मॉलिक्युलर रेडिओथेरपीत काम करणाऱ्या वरिष्ठ मेडिकल फिजिसिस्टची, म्हणजे हॉस्पिटलातल्या भौतिकतज्ज्ञाची, जागा नेमकी कुठे आहे, हे या प्रश्नाचा माग काढत गेलं की समजतं.

मॉलिक्युलर रेडिओथेरपी हे नाव ब्रिटनमध्ये जास्त चालतं. आपल्याकडे रेडिओन्यूक्लाइड थेरपी किंवा नुसतं न्यूक्लियर मेडिसिन थेरपी म्हणतात. कल्पना साधी आहे. शरीरातल्या विशिष्ट पेशी जे आपणहून ओढून घेतात, त्याच पदार्थातून किरणोत्सारी अणू आत पाठवायचा. थायरॉइड आयोडीन ओढते, म्हणून किरणोत्सारी आयोडीन. सगळी सुरुवात तिथूनच झाली.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनमध्ये, हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये, एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं व्याख्यान होतं. विषय होता जीवशास्त्र आणि वैद्यकासाठी भौतिकशास्त्र काय करू शकतं. श्रोत्यांत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या थायरॉइड क्लिनिकचे प्रमुख सॉल हर्ट्झ होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी विचारलं, की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? कॉम्प्टन यांनी डिसेंबरमध्ये पत्राने उत्तर कळवलं. करता येतं, एन्रिको फर्मी यांनी १९३४ मध्येच न्यूट्रॉनचा मारा करून ते बनवलं होतं.

पुढच्या वर्षी एमआयटीने या कामासाठी आर्थर रॉबर्ट्स या तरुण भौतिकतज्ज्ञाला घेतलं. हाती होतं आयोडीन-१२८, ज्याचा अर्धायुष्यकाळ (निम्मं उरायला लागणारा वेळ) फक्त २५ मिनिटं. रेडियम आणि बेरिलियमच्या स्रोतातून न्यूट्रॉन मिळवायचे, आयोडीन सक्रिय करायचं, रसायनातून वेगळं काढायचं, सशाला टोचायचं आणि उरलेल्या मिनिटांत थायरॉइडमध्ये किती पोचलं ते मोजायचं. ४८ सशांवरचे निष्कर्ष १९३८ मध्ये छापून आले. मला या कहाणीत सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे: मोजणारा माणूस पहिल्या दिवसापासून डॉक्टरच्या बरोबरीने उभा होता. औषध तयार करणारा, किरणं मोजायचा काउंटर लावणारा आणि आकड्याला जबाबदार असणारा एकच होता.

त्याच वर्षी बर्कलीत जोसेफ हॅमिल्टन २५ मिनिटांच्या आयोडीनला वैतागले होते. ग्लेन सीबोर्ग यांनी त्यांना विचारलं, किती टिकणारं हवं? साधारण आठवडाभर, असं उत्तर आलं. सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांना सायक्लोट्रॉन या कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रावर सापडलेल्या आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाळ निघाला आठ दिवस. आजही आयोडीन वॉर्डात जे देतात ते हेच.

हर्ट्झ यांनी पहिल्या पेशंटला डोस दिला तो ३१ मार्च १९४१ रोजी. एमआयटीच्या सायक्लोट्रॉनवर बनलेलं ते आयोडीन मुख्यतः १३० होतं, अर्धायुष्यकाळ सुमारे बारा तास, आणि त्यात थोडं १३१ मिसळलेलं. आजार होता थायरॉइड अतिसक्रिय असण्याचा. युद्धामुळे हर्ट्झ नौदलात गेले आणि काम दुसऱ्यांच्या हाती आलं. १९४६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले: हर्ट्झ आणि रॉबर्ट्स यांचा २९ पेशंटवरचा, आणि चॅपमन आणि एव्हन्स यांचा २२ पेशंटवरचा. श्रेयाचा वाद पुष्कळ झाला. पण दोन्ही जोड्या पाहा: प्रत्येकीत एक डॉक्टर आणि एक भौतिकतज्ज्ञ.

कॅन्सरच्या बाबतीतही हेच घडलं. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलात सॅम्युएल सायडलिन यांच्याकडे एक विलक्षण पेशंट आला. थायरॉइड बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली, तरी लक्षणं सगळी थायरॉइड अतिसक्रिय असल्याची. संप्रेरक बनवत होत्या त्या शरीरात इतरत्र पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी. १९४३ मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि अंगावरून काउंटर फिरवून ते कुठे कुठे साचलं हे पाहिलं. हे मोजमाप लिओनिडास मरिनेली यांचं, आणि १९४६ च्या लेखावर त्यांचंही नाव आहे.

मरिनेली, ईडिथ क्विंबी आणि जेराल्ड हाइन या तीन भौतिकतज्ज्ञांनी १९४८ मध्ये जे लिहिलं, ते या क्षेत्राचं पायाभूत गणित. बाटलीतली मिलिक्युरी म्हणजे पेशंटला मिळालेला डोस नव्हे. शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पडला ही एक गोष्ट, आणि मुळाशी किती मुरलं ही दुसरी; मधे जमीन काळी की मुरमाड, उतार किती, ऊन किती, सगळं येतं. इथे जमिनीच्या जागी तीन गोष्टी येतात. दिलेल्या आयोडीनपैकी किती टक्के ग्रंथीने घेतलं, ग्रंथीचं वजन किती ग्रॅम, आणि ते आत किती काळ टिकलं. आयोडीन-१३१ अणू म्हणून आठ दिवसांत निम्मं होतं. शरीरही ते आठ दिवसांत निम्मं बाहेर टाकत असेल, तर प्रत्यक्षात ते चार दिवसांतच निम्मं होतं. एकाच मात्रेतून दोन पेशंटच्या ग्रंथींना मिळणाऱ्या ग्रेमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो तो यामुळे.

म्हणजे सूत्र १९४८ सालीच हातात होतं. मग ते बाजूला का पडलं?

एक कारण पुरवठ्याचं. ऑगस्ट १९४६ पासून अमेरिकेतल्या ओक रिजच्या अणुभट्टीतून किरणोत्सारी समस्थानिकं (आयोडीन-१३१ सारखे अणू) हॉस्पिटलांना मिळू लागली. सायक्लोट्रॉनवर थेंबाथेंबाने बनणारी वस्तू ऑर्डर देऊन मागवता यायला लागली, आणि मोजून-मापून वापरण्याची निकड कमी झाली. दुसरं कारण उपकरणांचं. शरीरातून बाहेर येणाऱ्या किरणांचं चित्र घेणारा गॅमा कॅमेरा पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आला. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, शरीराच्या आत नक्की कुठे किती साचलंय हे अंदाजानेच कळायचं. तिसरं कारण जरा विचित्र आहे: औषध फार चांगलं निघालं. थायरॉइडचे बहुतेक पेशंट ठोक मात्रेने बरे होत होते. बरं होणाऱ्या पेशंटच्या बाबतीत, नेमका किती डोस पोचला, असं कुणी विचारत नाही.

काही आकडे तर उपचारातून आलेच नाहीत. अमेरिकेत कित्येक वर्षं नियम होता की अंगात ३० मिलिक्युरीपेक्षा कमी असेल तर पेशंटला घरी सोडता येतं. त्यामुळे २९.९ मिलिक्युरी देण्याची पद्धत पडली. शेजाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ठरवलेली मर्यादा पेशंटच्या उपचाराची मात्रा होऊन बसली. तो नियम १९९७ मध्ये बदलला, आकडा मात्र टिकला. २०१२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, की कमी जोखमीच्या थायरॉइड कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर उरलेली ग्रंथी नष्ट करायला ३.७ गिगाबेक्वेरेल जितकं काम करतं, तितकंच १.१ सुद्धा करतं. हे १.१ म्हणजे पुन्हा तेच ३० मिलिक्युरी. या शोधाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. हजारो लोकांना विनाकारण जास्त किरणोत्सर्ग मिळत होता. पण हिशेब न करता दिलेल्या एका मात्रेची तुलना दुसऱ्या तशाच मात्रेशी करायला साठ-सत्तर वर्षं लागली, हे मनाला लागतं.

हिशेबाचा धागा पूर्ण तुटला मात्र नव्हता. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या बेनुआ आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कॅन्सरसाठी वरची मर्यादा सुचवली: रक्ताला २०० रॅड, म्हणजे २ ग्रेपेक्षा जास्त नको. १९६५ मध्ये अमेरिकेत एमआयआरडी समिती स्थापन झाली आणि तिने अवयवागणिक डोस काढण्याची पद्धत बसवून दिली.

मुंबईची गोष्ट याच काळातली. परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये उघडलं तेव्हा तिथे रेडॉन या किरणोत्सारी वायूचं संयंत्र उभारलं ते रामय्या नायडू यांनी. त्यांना भारतातले पहिले मेडिकल फिजिसिस्ट मानतात. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस, आणि समस्थानिकं देशातच बनू लागली. १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याने परळमध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं. अणुभट्टी एका टोकाला आणि पेशंट दुसऱ्या टोकाला, मधे मुंबईतला रस्ता, अशी ही जोडी जमली. भौतिकशास्त्राच्या पदवीधरांना रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका देणारा अभ्यासक्रमही त्याच दशकात ट्रॉम्बेत सुरू झाला. देशभरच्या हॉस्पिटलांत गेलेल्या कितीतरी भौतिकतज्ज्ञांची घडण तिथली.

पण आपल्याकडे न्यूक्लियर मेडिसिन विभागात भौतिकतज्ज्ञाची ओळख झाली ती बहुधा आरएसओ म्हणून, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं आणि त्या पदाला नियमांचं बळ आलं. ते काम लहान नाही. आयोडीन वॉर्डातल्या स्वच्छतागृहाचंच घ्या. पेशंटच्या लघवीतून दिलेल्या आयोडीनचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांत बाहेर पडतो. ते थेट गटारात सोडता येत नाही, म्हणून डिले टँक. एक टाकी भरत असते तेव्हा आधीची बंद करून ठेवतात. दहा अर्धायुष्यकाळ, म्हणजे ऐंशी दिवस गेले की हजारातला एक भाग उरतो. टाकी केवढी हवी, हे वॉर्डात किती खाटा आणि पेशंट किती वेळा फ्लश करतो यावरून निघतं. टाकी लहान पडली तर वॉर्ड बंद ठेवावा लागतो आणि पेशंटची रांग लांबते. भिंतीतलं शिसं, नर्सच्या छातीवरचा, तिला मिळालेला किरणोत्सर्ग नोंदवणारा टीएलडी बॅज, मात्रा मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटरची रोजची तपासणी, सर्व्हे मीटर घेऊन रिकाम्या खोलीची पाहणी, हे सगळं त्याच माणसाकडे. या कामात चूक झाली तर ती लगेच दिसते. पेशंटच्या गाठीला किती ग्रे मिळाले हे मात्र कुणी मोजलं नाही तर कुणालाच दिसत नाही. त्यामुळे वेळ कशाला मिळाला, हे उघड आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत गाडी पुन्हा रुळावर येऊ लागली, आणि त्याला कारण झाले अवघड पेशंट. न्यूरोब्लास्टोमा हा चेतापेशींचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना आयोडीन-१३१ जोडलेलं एमआयबीजी हे औषध देतात, तेव्हा ब्रिटन आणि युरोपातल्या काही केंद्रांत दोन टप्प्यांत मिळून सबंध शरीराला ४ ग्रे हे लक्ष्य ठेवतात. पहिली मात्रा वजनावरून. मग खोलीच्या छताला बसवलेल्या काउंटरने ती शरीरातून कशी कमी होत जाते ते दिवसरात्र नोंदवायचं, आणि त्यावरून दुसरी मात्रा काढायची. मूल तेच, औषध तेच. दुसरा आकडा फक्त त्या मुलाचा असतो. तो कागदावर सही करून देणारा माणूस म्हणजे वरिष्ठ भौतिकतज्ज्ञ.

ल्युटेशियमच्या ७.४ चा उगम रॉटरडॅममध्ये सापडतो. किडनीला सुमारे २३ ग्रेपेक्षा जास्त मिळू नये, ही मर्यादा बाहेरून किरणं देण्याच्या अनुभवातून उसनी घेतलेली. ती सांभाळून चार मात्रांचं गणित बसवलं, २०१७ च्या मोठ्या चाचणीत तेच वापरलं, आणि मंजुरी मिळाली तीही त्याच आकड्याला. स्वीडनमधल्या उप्साला आणि लुंडच्या केंद्रांनी मात्र प्रत्येक पेशंटची किडनी स्वतंत्र मोजली. काहींना चारपेक्षा जास्त मात्रा देता आल्या, काहींना आधीच थांबवावं लागलं.

यकृताच्या कॅन्सरमध्ये धमनीतून यिट्रियम-९० चे काचेचे सूक्ष्म मणी सोडतात. फ्रान्समध्ये ६० पेशंटवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, दुसऱ्याला गाठीचा डोस वैयक्तिक काढून उपचार दिले. गाठीने प्रतिसाद दिला तो अनुक्रमे ३६ आणि ७१ टक्क्यांत. जगण्याचा मध्यक काळ १०.७ महिन्यांवरून २६.६ महिन्यांवर गेला. औषध एकच होतं, फरक होता तो हिशेबाचा. चाचणी लहान आहे हे खरं, तरी इतका फरक डोळ्याआड करता येत नाही.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशाने उपचाराच्या किरणोत्सर्गाचं नियोजन आणि पडताळणी प्रत्येक पेशंटसाठी वेगळी करायला सांगितलं, आणि त्यात न्यूक्लियर मेडिसिनचे उपचारही स्पष्टपणे धरले. फेब्रुवारी २०१८ ही अंमलबजावणीची मुदत होती. पालन सगळीकडे सारखं नाही; माणसं कमी आहेत आणि कॅमेऱ्यावर वेळ मिळत नाही.

आपल्याकडेही ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं, ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनचा थेट मारा करून. या मार्गाने थोडं १७७एम हे जास्त टिकणारं रूप सोबत येतं, ज्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे १६० दिवस. म्हणजे कचऱ्याचा हिशेब पुन्हा भौतिकतज्ज्ञाच्या टेबलावर. डोस मोजण्यातली खरी अडचण मात्र माणसाची आहे. पूर्ण पद्धतीने करायचं तर पेशंटचे तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी स्पेक्ट स्कॅन (गॅमा कॅमेऱ्याने घेतलेलं त्रिमितीय चित्र) घ्यावे लागतात, आणि सोलापूर किंवा नांदेडहून आलेल्या कुटुंबाने तोवर मुंबईत राहायचं कुठे? २०१८ मध्ये वुर्त्सबुर्गच्या संशोधकांनी दाखवलं, की ल्युटेशियमच्या या औषधासाठी चौथ्या दिवशीचा एकच स्कॅन घेतला, तरी किडनी आणि गाठ यांचा डोस बऱ्यापैकी जवळ काढता येतो. चार स्कॅनच्या जागी एक. सोमवारी औषध दिलं तर शुक्रवारची वेळ ठेवायची, आणि पेशंटला घरी जाऊ देण्याआधी एवढा एक दिवस मागून घ्यायचा.