अनोळखी माणसाचे कार्डिगन : इंडी संगीत आणि जुन्या कपड्यांची पार्श्वभूमी

‘इंडी फॅशन’ म्हटले की आज डोळ्यांसमोर येतो तो विटलेला टी-शर्ट, कोपरांशी पातळ झालेले कार्डिगन (पुढे बटणांचे स्वेटर) आणि भलत्याच कोणाच्या तरी मापाचा कोट. या पेहरावाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक १९९२ च्या सिएटलपासून, म्हणजे तिथल्या ‘ग्रंज’ या रॉक संगीतापासून, सुरुवात करतात आणि तिथेच रमतात. या टिपणाचा भर त्याआधीच्या दहा-बारा वर्षांवर आणि ब्रिटनवर आहे. कारण जुने कपडे घालणे ही एका संगीतवर्तुळाची ओळख ठरली ती प्रामुख्याने तिथे. सिएटलने ती जगाच्या बाजारात नेली, एवढेच.

वापरलेले कपडे दान घेऊन विकण्याची व्यवस्था त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेत बोस्टन येथे १९०२ मध्ये एका धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या कामातून अशा दुकानांची मोठी साखळी उभी राहिली, आणि ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस उघडलेले दुकान ब्रिटनमधील धर्मादाय दुकानांचा नमुना ठरले. साठच्या दशकात लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरून जुने लष्करी डगले घेऊन मिरवणारे रॉक गायक होते, सत्तरच्या दशकात पंकवाले होते. पण त्यांच्या लेखी जुना कपडा म्हणजे सोंग होते, किंवा फाडून त्याला टाचण्या लावण्याचा कच्चा माल. कपडा आहे तसा, त्याच्या मूळ मालकाच्या साधेपणासकट अंगावर चढवणे ही पुढची पायरी होती.

इथे शब्दाची एक अडचण नोंदवली पाहिजे. इंग्रजी ‘थ्रिफ्ट’चा कोशातला अर्थ काटकसर, प्रत्यक्षात तो शब्द आता वापरलेले कपडे विकत घेण्याच्या छंदाचे नाव झाला आहे. मराठीत या व्यवहाराला नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडे जुना कपडा घराबाहेर जातो तो बोहारणीच्या गाठोड्यातून, स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात; आणि परक्याच्या अंगावरचा कपडा हौसेने विकत आणणे आपल्या आजीला तरी पटले नसते. ब्रिटनमध्येही मध्यमवर्गीयांना त्याचा संकोच होताच. इंडीवाल्यांनी नेमका तो संकोच अंगावर घेतला.

‘इंडी’ या शब्दाचा गुंता मात्र याहून मोठा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. हा शब्द मुळात ना संगीताच्या बाजाचा, ना पेहरावाचा. तो वितरणाच्या हिशेबातला आहे. जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डांच्या खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. त्या यादीत शिरण्याची अट गाणे कसे आहे ही नव्हती. रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणयंत्रणेबाहेरून दुकानात पोहोचली पाहिजे, एवढीच होती. ‘कार्टेल’ या नावाने ओळखले जाणारे प्रादेशिक घाऊक वितरकांचे जाळे खोकी भरून माल पाठवत असे, आणि त्या खोक्यांतून जे आले ते ‘इंडिपेंडन्ट’, म्हणजे लाडाने इंडी. या व्याख्येची गंमत १९८८ च्या सुमारास उघडी पडली : ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेतून पुढे आलेल्या, घोटीव नाचगाणी गाणाऱ्या एका पॉप गायिकेच्या रेकॉर्डा या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसल्या, कारण तिच्या कंपनीचे वितरण स्वतंत्र होते. उलट, बड्या कंपनीशी करार केलेला, पण वाजवणे आणि राहणी तीच ठेवलेला बँड यादीतून बाहेर पडे. तोपर्यंत श्रोत्यांनी मात्र शब्दाचा ताबा घेतला होता. त्यांच्या लेखी इंडी म्हणजे झणझणणाऱ्या गिटारी, थोडा बेसूर पण प्रामाणिक आवाज आणि अमुक प्रकारचे कपडे. हिशेबाचा शब्द असा रुचीचा शब्द झाला, आणि १९९१ मध्ये त्या जाळ्यातील मुख्य वितरण कंपनी कोसळल्यावर मूळ अर्थाला धरून बसणारे फारसे कोणी उरले नाही. काही अभ्यासक या बदलाला निव्वळ घसरण मानतात. ते मत एकांगी वाटते. वितरणाच्या अटीनेच कपड्यांना अर्थ दिला होता : रेकॉर्ड स्वतः काढायची, तिचे वेष्टन स्वतः घडी घालून चिकटवायचे, तर कपडे तेवढे बाजारपेठेतल्या नव्या फॅशनचे कसे चालतील?

शिवाय खिशात पैसे नव्हते. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या तीस लाखांवर गेली. मुख्य रस्त्यांवरची दुकाने रिकामी पडू लागली, तिथे धर्मादाय संस्थांनी आपली दुकाने थाटली, आणि दानात आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर मूल्यवर्धित कराचा भार नसल्याने भाव अगदी खाली राहिले. चर्चच्या सभागृहांत भरणारे जंबल सेल, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंचे बाजार, त्याहून स्वस्त. बेकारभत्त्यावर जगणाऱ्या गिटारवादकाला तिथे जे मिळे ते साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे असे, कारण कोणाचे तरी वडील किंवा मावशी वारल्यावर कपाट रिकामे होई. इंडी पेहरावात साठच्या दशकाचा इतका भरणा का, याचे उत्तर भक्तीइतकेच या कपाटांतही आहे.

या पेहरावाची पहिली ठळक रूपे ग्लासगोत दिसली. ‘पोस्टकार्ड’ या छोट्या कंपनीच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या बँडने १९८० च्या आसपास चौकड्यांचे शर्ट, कपाळावर आलेली झुलपे आणि मागे शेपूट लोंबणारी केसाळ टोपी अशा अवतारात वावरायला सुरुवात केली, तेव्हा काळ्या कातड्याच्या जाकिटांना सरावलेल्या प्रेक्षकांना ते हास्यास्पद वाटले. मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’चा गायक बाईमाणसाचे सैल ब्लाउज घालून आणि १९८४ मध्ये तर कानाला श्रवणयंत्र लावून दूरचित्रवाणीवर गायला. सरकारी आरोग्यसेवेच्या जाड काळ्या चष्म्याला त्याने जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती शाळेत त्याच चष्म्यावरून चिडवल्या गेलेल्या मुलांना अधिक कळली असेल. १९८६ मध्ये एका संगीत साप्ताहिकाने २२ बँडांची २२ गाणी ‘सी-८६’ या कॅसेटवर एकत्र आणली आणि त्या कॅसेटचे नावच एका पिढीला चिकटले.

त्या पिढीचे चिन्ह म्हणजे ॲनोरॅक हे पावसाळी जाकीट : गळ्यापर्यंत चेन, नाडीने आवळायची टोपी, पुढे खिसे; पावसात शाळेला जाणाऱ्या पोराला आई घालते तसला. मुली साठच्या दशकातील छापील सुती फ्रॉक, लहान मुलींच्या केसांतल्या पिना आणि खांद्याला शाळेचे दप्तर अशा वेषात रंगमंचावर येत. समीक्षकांनी याला बालिश म्हटले, आणि नेमक्या त्याच काळात ‘ॲनोरॅक’ हा शब्द इंग्रजीत एखाद्या विषयाने झपाटलेल्या कंटाळवाण्या माणसासाठी शिवीसारखा रुळला. बालिशपणाचा हा आरोप आजही उगाळला जातो, पण तो उथळ आहे. रॉक संगीतात स्त्रीने एक तर मादक दिसायचे किंवा पुरुषासारखे रांगडे, असे दोनच पर्याय असताना दप्तर आणि फ्रॉक हा तिसरा पर्याय होता, आणि तो निवडणाऱ्या बायका हातात बास गिटार घेऊन उभ्या होत्या.

हे सारे अटलांटिकपार गेले ते वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया या छोट्या गावामार्गे. तिथली १९८२ मध्ये स्थापन झालेली ‘के’ ही कंपनी आणि ग्लासगोचे बँड यांच्यात कॅसेटी आणि पत्रांची देवाणघेवाण होती. ग्रंज लाटेतील ‘निर्वाना’ या बँडचा गायक ऑलिम्पियात काही वर्षे राहिला, त्याने या कंपनीचे चिन्ह हातावर गोंदवून घेतले आणि ग्लासगोच्या बँडची गाणी गायली. म्हणूनच सिएटलचा पेहराव केवळ लाकूडतोड्यांच्या चौकड्यांच्या फ्लॅनेलमधून आला, ही लाडकी कथा अपुरी ठरते. फ्लॅनेल थंड, ओल्या हवेची गरज होती. कार्डिगन ही निवड होती.

नोव्हेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तरुण रचनाकाराने फ्लॅनेलच्या चौकडी रेशमावर छापून त्यांचे कपडे सादर केले आणि पुढे त्याची नोकरी गेली. त्याच महिन्यात एका मोठ्या दैनिकाने ‘ग्रंज’वाल्यांच्या बोलीचा छोटा कोश छापला, जो रेकॉर्ड कंपनीच्या एका कर्मचारी स्त्रीने फोनवर थापा मारून रचला होता. यावर इतके लिहिले गेले आहे की इथे थांबण्याचे कारण नाही. कार्डिगनकडे मात्र जरा जवळून पाहावे. नोव्हेंबर १९९३ मध्ये दूरचित्रवाणीसाठी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘निर्वाना’च्या प्रसिद्ध मैफलीत त्या गायकाच्या अंगावर असलेले हे कार्डिगन मळकट हिरवे, मोहेअर (एक प्रकारची बकरीची लोकर) आणि कृत्रिम धाग्याच्या मिश्रणाचे. पाच बटणांपैकी एक तुटलेले, खिशाजवळ जळल्याचे भोक, आणि पुढे कधीच न धुतलेले. २०१९ मध्ये ते ३,३४,००० डॉलरला विकले गेले.

२००१ नंतर न्यूयॉर्कच्या ‘द स्ट्रोक्स’ने जुने ब्लेझर आणि अरुंद टाय पुन्हा आणले, लंडनमध्ये राजरक्षकांचे लाल डगले दिसू लागले. या वेळी एक अडचण होती : घोट्यापर्यंत घट्ट बसणारी जीन्स पुरुषांच्या जुन्या ढिगात फारशी सापडत नव्हती, म्हणून मुले बायकांच्या जीन्स घालू लागली, आणि थोड्याच काळात मोठ्या दुकानांनी तशी पुरुषांसाठी नवी शिवून दिली. पॅरिसच्या एका बड्या फॅशनगृहाने याच बँडांच्या अंगकाठीवर आपले सूट बेतले. साधारण या काळापासून ‘इंडी’ हा दुकानातल्या एका विभागाचा शब्द झाला. नवे टी-शर्ट कारखान्यातच धुऊन, घासून विटवले जाऊ लागले.

त्यानंतरचा बदल भावांचा. २०११ मध्ये इटलीत सुरू झालेले ‘डेपॉप’ हे ॲप २०२१ मध्ये १६२.५ कोटी डॉलरला विकले गेले, यावरून जुन्या कपड्याची किंमत आता कोण ठरवते ते दिसते. भारतात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. कांडल्याला येणारा माल बराचसा निवडून परत परदेशी जातो आणि पानिपतला चिंध्यांचा धागा होतो. तरीही २०२० च्या टाळेबंदीत इन्स्टाग्रामवर मुंबईपासून ईशान्येपर्यंत ‘थ्रिफ्ट’ दुकाने उगवली, तीही हा शब्द आणि हा पेहराव एकत्रच घेऊन. २०२१ मध्ये दोन हजारच्या दशकातील घामट, फ्लॅशच्या उजेडातल्या पेहरावाला ‘इंडी स्लीझ’ हे नाव मिळाले आणि वीस वर्षांचे जुने चक्र पुन्हा जागेवर आले. फरक इतकाच की आता ब्रिटनमधील धर्मादाय दुकानाच्या दांडीवर कोणाच्या मावशीचा सुती फ्रॉक क्वचित लागतो. तिथे लटकत असतो २००६ मध्ये नवा असतानाच जुना दिसावा म्हणून विटवलेला टी-शर्ट, जो मधल्या वर्षांत धुऊन धुऊन खरोखरच विटला आहे.