जनगणनेत नाव गावाकडंच लागतं? नाही हो!

दर जनगणनेला हेच कानावर येतं की आपण कुठंही असलो तरी मोजणी गावाकडच्या घरीच होते, रेशनकार्डात नाव आहे ना मग झालं. साफ चुकीचं आहे हे. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी होती आणि या पूर्ण काळात जो घरी नव्हता त्याला घरी धरायचंच नव्हतं, तो जिथं असेल तिथंच मोजायचा. आता बीडचे ऊसतोड कामगार फेब्रुवारीत कुठं असतात? साखर कारखान्याच्या भागात, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत! गावात दाराला कुलूप, आणि इकडं मोजणीवाले मास्तर आले तर सगळी पहाटेपासून उसाच्या फडात. नंतरच्या पडताळणीत देशभरात हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. म्हणून कोपीवर कोणी विचारायला आलं तर 'आमचं गावाकडं झालंय' म्हणू नका, तिथंच सगळी नावं सांगा, तान्ह्या लेकराचंसुद्धा.