कापड घेण्यापूर्वी: आपल्या वर्णाला आणि डोळ्यांना खुलणारा रंग कसा ओळखावा

फोंड्यातल्या आमच्या दुकानात कापड दाखवायला घेतले की काही वाक्ये ठरल्यासारखी कानावर येतात. "मुलगी सावळी आहे, फिके रंगच काढा." "लाल नको, माझ्या रंगाला तो जमत नाही." "अंगाने काळा, त्याला काळा शर्ट कशाला?" बोलणारी माणसे प्रेमानेच बोलतात. पण ऐकणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तेव्हा मान खाली घालते आणि पुढे कित्येक वर्षे फिका गुलाबी आणि बदामी यांच्या पलीकडे तिचा हात जात नाही. हे पत्रक आधी तिच्यासाठी आहे, मग बाकी सगळ्यांसाठी.

कोणत्याच वर्णाला एखादा रंग सरसकट वर्ज्य नसतो. लाल शोभतो का, हा प्रश्नच अपुरा आहे. शेंदरी लाल, डाळिंबी लाल, विटकरी लाल आणि कुंकवाचा लाल हे चेहऱ्याजवळ चार वेगळे रंग ठरतात. त्यातला एक तरी तुमचा असतोच, आणि तो शोधायला वेळ देणे हे आमचे काम आहे.

पुरावा हवा तर तो गोव्यातच आहे. लाल चौकड्यांची सुती कुणबी साडी इथल्या बायका पिढ्यानपिढ्या शेतात राबताना नेसत आल्या. उन्हाने रापलेल्या सावळ्या अंगावर तो लाल जितका जिवंत दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी नव्याने लोकांपुढे आणली, त्यानंतर ती हौसेने नेसणाऱ्या तरुण मुली दिसू लागल्या. अबोलीचेही तसेच. काळ्या केसांत, सावळ्या कानाशेजारी माळलेली अबोलीची फाती बघा. तो नारिंगी झगझगीत असतो, तरी चेहरा झाकोळत नाही, उलट उजळतो. मग त्याच रंगाचे ब्लाऊज घ्यायला भीती कसली?

वर्णात दोन गोष्टी बघायच्या

पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते: कातडी किती गडद आहे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी. दुसरी पटकन दिसत नाही आणि कापड निवडताना तीच जास्त उपयोगी पडते: त्या गडदपणाच्या आत कोणती झाक आहे. कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. त्याचा एक प्रकार काळसर तपकिरी असतो, दुसरा तांबूस पिवळा. त्यात कातडीखालच्या रक्ताचा तांबडेपणा मिसळतो. या सगळ्यांचे प्रमाण माणसागणिक बदलते, म्हणून कुणाच्या अंगावर सोनेरी-पिवळी झाक असते, कुणाच्या गुलाबी-निळसर, तर कुणाच्या किंचित हिरवट. सख्ख्या बहिणी सारख्याच सावळ्या असल्या तरी एकीला मोहरीचा पिवळा खुलतो आणि दुसरीला तोच आजारी दाखवतो, त्याचे कारण ही झाक.

ऊन लागले की गडदपणा वाढतो, झाक मात्र सहसा तीच राहते. म्हणून मे महिन्यात रापलेल्या माणसाला सगळे कपडे नव्याने घ्यायची गरज नसते. एक काळजी घ्या: कापड हातावर ठेवून बघू नका. स्कूटर चालवणाऱ्यांचे कोपरापासून खालचे हात चेहऱ्यापेक्षा बरेच गडद झालेले असतात. कापड चेहऱ्यासाठी निवडायचे, म्हणून ते हनुवटीखालीच धरायचे.

झाक ओळखायला मनगटाच्या शिरा बघा, हिरव्या दिसल्या तर एक आणि निळ्या दिसल्या तर दुसरी, असे मोबाइलवर सगळीकडे सांगतात. आम्ही तो उपाय सुचवत नाही. सावळ्या हातावर शिरा नीट दिसतच नाहीत, आणि दिसल्या तरी उजेड बदलला की त्यांचा रंग बदललेला वाटतो. त्यापेक्षा दोन लाल कापडे घ्या. एक शेंदराकडे झुकणारे, दुसरे राणी रंगाकडे झुकणारे. केस मागे घ्या, ओठांवर काही लावू नका, आणि एकामागून एक दोन्ही कापडे हनुवटीखाली धरा. बघायचे चेहऱ्याकडे, कापडाकडे मुळीच नाही. कोणत्या कापडाने डोळ्यांखालची सावली गडद झाली? कोणत्याने ओठांची कड स्वच्छ दिसली? पुरुषांनी दाढीच्या जागेचा निळसरपणा बघावा. शेंदरी कापडाने चेहरा एकसारखा आणि ताजा दिसला तर तुमची झाक सोनेरी, राणी रंगाने दिसला तर गुलाबी-निळसर. दोन्हींत फरक कळत नसेल तर तुम्ही मधल्या गटात आहात आणि तुमच्यासाठी निवड सगळ्यांत मोठी आहे.

आरशात स्वतःला बघताना आपण आवडत्या रंगाची बाजू घेतो, म्हणून बरोबर कुणीतरी असावे. सोबतीला कुणी नसेल तर आमच्याकडचे कुणी बघेल आणि जे दिसेल तेच सांगेल.

शेजारचा रंग काय करतो

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा पडदे-गालिचे विणण्याचा जुना सरकारी कारखाना आहे. तिथल्या रंगाईचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली की काळ्या सुताचा रंग फिका उतरतो. त्यांनी तपासले तर रंगात खोट नव्हती. तेच काळे सूत निळ्याशेजारी विणले की मळके वाटत होते. एक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो, हे त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडले.

चेहऱ्याशेजारचे कापड नेमके हेच करते. भडक हिरव्याशेजारी कातडीतला तांबडेपणा वाढलेला वाटतो, म्हणून मुरुमांचे डाग असतील तर पोपटी जपून घ्यावा. याखेरीज कापड स्वतःचा रंग हनुवटीवर फेकते. लिंबू रंगाची ओढणी गळ्यात घालून उन्हात उभे राहा, जबड्याखाली पिवळी छाया पडलेली दिसेल. चकाकणाऱ्या रेशमात आणि साटिनमध्ये हे जास्त, जाड सुतीत कमी. त्यामुळे एखादा रंग रेशमात मानवला नाही तरी तोच सुतीत छान दिसू शकतो.

कुणाला काय, आमच्या अनुभवाने

सावळ्या आणि काळ्या वर्णाला भरलेले, स्वच्छ रंग द्या: मोरपंखी, डाळिंबी, राणी, गर्द निळा, हळदी, अबोली, शुभ्र पांढरा. काळे केस, डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांच्यामुळे या चेहऱ्यात मुळातच जोर असतो, तो पेलणारा रंग हवा. अडचण येते ती धुरकट, मळखाऊ रंगांची, विशेषतः जे कातडीच्या रंगाच्या अगदी जवळ जातात त्यांची: खाकी, मातकट तपकिरी, पारवा. चेहरा आणि कपडा एकमेकांत मिसळून जातात. तरीही तपकिरी आवडत असेल तर मोतिया काठाचा किंवा जरीचा घ्या, काठ दोघांना वेगळे करतो. काळा शर्टही सावळ्या माणसाला देखणा दिसतो, फक्त कापड विटके नको. धुऊन राखाडी झालेला काळा कुणालाच शोभत नाही.

गव्हाळ वर्ण सर्वांत जास्त फसवतो, कारण त्यात तिन्ही झाका सापडतात. सोनेरी झाक असेल तर विटकरी, केशरी, शेवाळी, आमसुली, मोतिया हे रंग घरचे वाटतात. मात्र झाक फारच पिवळी असेल तर मोहरी आणि बदामी चेहऱ्यावरचे तेज शोषून घेतात. अशा वेळी जांभळ्याकडे वळावे. जांभळा पिवळ्याच्या समोरचा रंग असला तरी अंजिरी किंवा वांगी यांसारखी त्याची लालसर छटा चेहऱ्याला उठाव देते. गडद निळसर जांभळ्याने मात्र पिवळेपणा आणखी उठून दिसू शकतो, म्हणून धरून बघितल्याशिवाय घेऊ नये.

गोऱ्या, गुलाबी झाकेच्या वर्णाला आकाशी, गुलबक्षी, बाटली हिरवा आणि राखाडी सहज मानवतात. झगझगीत नारिंगी चेहऱ्याच्या आधी नजरेत भरतो. "गोऱ्याला काहीही चालते" हे खरे नाही. फिक्या चेहऱ्यावर फिका पिस्ता चढवला की माणूस नुकताच तापातून उठल्यासारखा दिसतो.

पांढऱ्यातही दोन पांढरे असतात. कडक शुभ्र कापडावर उजळपणा आणणारे द्रव्य चढवलेले असते. ते उन्हातले अदृश्य किरण घेऊन निळसर प्रकाश बाहेर टाकते. सावळ्या आणि गुलाबी वर्णाला हा शुभ्र उत्तम. पिवळ्या झाकेला मोतिया घ्यावा.

डोळे आणि केस

डोळ्यांबद्दल लोक विचारतात, आणि विचारावेच. पण डोळ्यातला रंगीत गोल जेमतेम १२ मिलिमीटरचा असतो. दहा फुटांवरून कातडी आणि केस दिसतात, डोळ्यांचा रंग दिसत नाही. म्हणून आधी वर्ण, मग डोळे.

आपल्याकडचे बहुतेक डोळे काळेभोर किंवा गडद तपकिरी. तिथे डोळ्यांच्या रंगाशी जुळवण्यापेक्षा डोळ्यांचा पांढरा भाग स्वच्छ दिसेल असे बघावे. गर्द निळा आणि मोरपंखी हे काम फार छान करतात. घारे किंवा पिंगट डोळे असतील तर मात्र खरी संधी आहे. डोळ्यात जी छटा आहे तिच्याच कुळातला, पण थोडा गडद रंग गळ्याजवळ आणा: मधाळ डोळ्यांना तांबूस तपकिरी, हिरवट घाऱ्यांना शेवाळी. अशा डोळ्यांत मेलॅनिन कमी असते आणि हिरवा-निळा रंग प्रकाश विखुरल्याने दिसतो, त्यामुळे उजेड बदलला की तेही बदललेले भासतात. जवळून फोटो निघणार असतील, साखरपुड्यासारखा प्रसंग असेल, तर हा बारकावा जरूर सांभाळा.

केस पिकू लागले की चेहऱ्याचा जोर मऊ होतो आणि पूर्वी शोभणारा गडद काळा आता कठोर वाटतो. चंदेरी केसांवर डाळिंबी, अंजिरी, निळा हे फार सुंदर दिसतात. आमच्या पन्नाशी-साठीच्या ग्राहकांनी राखाडीतच अडकू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. मेंदीने तांबूस केलेले केस असतील तर राणी रंग त्यांच्याशी भांडतो. शेवाळी किंवा मोरपंखी बघावा.

दिव्याखाली ठरवू नका

दुकानातले पांढरे एलईडी दिवे बहुधा निळ्या प्रकाशावर पिवळा थर देऊन केलेले असतात. साध्या दिव्यांत गर्द लाल किरण कमी पडतात, म्हणून डाळिंबी आणि कुंकवाचा लाल आत मंद दिसतो. शिवाय दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेली कापडे एका उजेडात एकसारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात. दुकानात तंतोतंत जुळलेले ब्लाऊज लग्नाच्या मांडवात वेगळे दिसते ते यामुळे. म्हणून कापड कापण्याआधी दारात नेऊन बघा. आम्ही स्वतःच घेऊन येतो, संकोच करू नका. सकाळी दुकान उघडल्यापासून दुपारी बंद होईपर्यंतचा उजेड सर्वांत चांगला. थेट उन्हात नको, सावलीत.

चवथीची खरेदी पावसाळी उजेडात होते. ढगांमधून येणारा तो उजेड थंड, निळसर असतो. कपडे मात्र घरात, गणपतीसमोरच्या पिवळ्या दिव्यांत घातले जातात. पिवळ्या उजेडात निळे-जांभळे काळपट होतात, लाल-केशरी पेटतात. कपडा जिथे घालणार तो उजेड आम्हाला सांगा. हॉलमधल्या रात्रीच्या स्वागत समारंभाला गर्द जांभळा घेणार असाल तर एक छटा उजळ घ्या.

आवडता रंग शोभत नसेल तर

सोडू नका, खाली न्या. चेहऱ्यावर परिणाम करतो तो ब्लाऊज आणि खांद्यावरचा पदर. निऱ्यांचा रंग चेहऱ्यापासून दूर असतो. इरकलीत पदर आणि अंग मुळातच वेगळ्या रंगांचे असतात, त्यामुळे तिथे ही सोय आयतीच मिळते. सलवारीला आवडता रंग, ओढणीला शोभणारा. पुरुषांनी कॉलर आणि कुर्त्याचा गळा बघावा, पँटच्या रंगाची चिंता करू नये.

नवरात्रात रोजचा रंग ठरलेला असतो, छटा मात्र तुमच्या हातात असते. राखाडीच्या दिवशी सावळ्या वर्णाने चंदेरी काठाचा गडद राखाडी घ्यावा.

फुगडीच्या पथकासाठी किंवा लग्नात सगळ्या बायकांना एकच साडी घेताना एका व्यक्तीला समोर ठेवून निवड करू नका. मोरपंखी आणि आमसुली हे दोन रंग आमच्या पाहण्यात बहुतेक सगळ्यांना सांभाळून घेतात. साडी एक ठेवा आणि ब्लाऊजचे खण प्रत्येकीच्या झाकेप्रमाणे दोन-तीन रंगांत घ्या. गटातल्या सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ अशा दोघींना दुकानात बरोबर आणा, त्या दोघींना जो रंग मानवला तो मधल्या सगळ्यांना चालतो.

दुसऱ्या कुणासाठी कापड घ्यायचे असेल तर त्या व्यक्तीचा सावलीत, दिवसा काढलेला आणि रंग न बदललेला फोटो आणा. तिला खुलून दिसणारा एखादा जुना कपडा मिळाला तर त्याहून चांगले. दागिना ठरलेला असेल तर तोही आणा. सोने की मोती, यावर जरीचा रंग ठरतो. ब्लाऊज जुळवायला साडी पूर्ण आणा, कापलेला तुकडा पुरत नाही. घरी नेऊन रंग पटला नाही तर कापड न कापता, घडी न मोडता परत आणा. आम्ही दुसरा रंग बघून देऊ.