कोपेश्वर मंदिर, खिद्रापूर

महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले शिवमंदिर. कोल्हापूरपासून पूर्वेला सुमारे ६० किमी., नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या पुढे, कर्नाटकच्या सीमेला खेटून. काळ्या बसाल्टातले हे देऊळ बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळातले मानतात. गाभाऱ्यात दोन लिंगे, समोर नंदी नाही आणि पुढचा मंडप वरून उघडा, अशा तीन गोष्टी इथे पहिल्या भेटीतच नजरेत भरतात. देवळाच्या बहुतेक दंतकथा या तिन्हींची उत्तरे देण्यासाठीच जन्मल्या असाव्यात.

कथा दक्षयज्ञाची आहे. दक्ष प्रजापतीने यज्ञ मांडला आणि जावई शंकराला आवतण दिले नाही. तरीही सती माहेरी गेली, तिथे अपमान झाला आणि तिने यज्ञकुंडात देह टाकला. शंकराच्या जटेतून वीरभद्र उठला, यज्ञाचा विध्वंस झाला, दक्षाचे शिर गेले आणि पुढे त्याला बोकडाचे मुंडके लावले गेले. इथवर सगळे पुराणातले. पुराणपरंपरेत या यज्ञाची जागा हरिद्वारजवळचे कनखल मानतात. कृष्णाकाठच्या लोकांनी मात्र तो आपल्याच मुलखात आणला आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे यज्ञ झाला तो येडूरला, म्हणजे आज कर्नाटकात, चिकोडी भागात असलेल्या गावी. तिथे वीरभद्राचे प्रसिद्ध देवस्थान आहे. सती नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी येडूरलाच राहिला आणि खिद्रापूरला शंकर एकटाच आला, तोही संतापलेला. कोपलेला तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला आणि त्याच्या शेजारीच लिंगरूपाने राहिला; ते लिंग धोपेश्वर. येडूर आणि खिद्रापूर अशी दोन्ही ठिकाणे केल्याशिवाय दर्शन पुरे होत नाही, असे मानणारे भाविक आजही आहेत. मधली राज्याची सीमा या कथेच्या मानाने फारच अलीकडची.

नावाचा दुसरा धागा इतिहासाकडे जातो. गावाचे जुने नाव कोप्पम किंवा त्याच्या जवळपासचे काही असावे, असे काही अभ्यासक मानतात. इ. स. १०५४ च्या सुमारास चोळ आणि कल्याणीचे चालुक्य यांच्यात कोप्पमची मोठी लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज हत्तीवर असतानाच मारला गेला आणि त्याचा भाऊ दुसरा राजेंद्र याने रणांगणावरच राज्याभिषेक करवून घेतला. हे कोप्पम म्हणजे खिद्रापूर, असे एक मत आहे. दुसरे मत ते कर्नाटकातल्या कोप्पळकडे नेते. हा वाद मिटलेला नाही, त्यामुळे देवळाच्या माहितीत ही लढाई ‘इथेच झाली’ असे ठासून सांगितले जाते तेव्हा जरा सावध राहावे.

देऊळ कोणी बांधले याचे उत्तर साधारणपणे कोल्हापूरच्या शिलाहारांकडे, त्यातही गंडरादित्याकडे जाते. हे घराणे महालक्ष्मीचे भक्त आणि त्याच वेळी जैन धर्माचे मोठे आश्रयदाते होते. गंडरादित्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन (जैन तीर्थंकर) अशा तिघांची देवळे उभारल्याचे त्याच्या ताम्रपटात नमूद आहे. खिद्रापुरातही कोपेश्वरापासून थोड्याच अंतरावर आदिनाथाचे जुने जैन मंदिर आहे. एवढ्याशा गावात अशी दोन देवळे कशी, हे कोडे त्या ताम्रपटामुळे बरेचसे सुटते.

लेखी पुरावा म्हणून सर्वांत मोलाचा आहे तो दक्षिण दाराजवळचा देवनागरीतला संस्कृत शिलालेख. तो देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा, शके ११३६ चा (इ. स. १२१३). कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी मिरज प्रांतातले कूडलदामवाड हे गाव दान दिल्याची ती नोंद आहे. तारीख नीट पाहावी. सिंघणाने त्याच सुमारास शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज याला पन्हाळ्यावर हरवून ते राज्य बुडवले होते. म्हणजे मुलूख हाती येताच नव्या धन्याने जुन्या घराण्याच्या देवाला गाव इनाम दिले. भक्ती असेलच, पण कृष्णाकाठच्या लोकांना नवे राज्य आपले वाटावे, यासाठी याहून स्वस्त उपाय नव्हता. देवळातले इतर बरेचसे लेख कानडीत आहेत.

नगारखान्यातून आत गेले की पहिला येतो तो स्वर्गमंडप. हा मुख्य देवळापासून जरासा सुटा आहे. एकूण ४८ खांब, त्यांपैकी आतल्या वर्तुळात १२, आणि त्यांच्यावर माथ्याला सुमारे १३ फूट व्यासाचा गोल झरोका. त्याच्या बरोबर खाली तेवढीच मोठी वर्तुळाकार अखंड शिळा. तिला रंगशिला म्हणतात. झरोक्याच्या कडेने कार्तिकेय आणि वाहनांसह अष्टदिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे राखणदार देव, कोरले आहेत: हत्तीवर इंद्र, मेंढ्यावर अग्नी, रेड्यावर यम, मकरावर वरुण. शिळेवर उभे राहून मान वर करून गोल फिरले की सगळे क्रमाने दिसतात. खांबांची घडण चौकोनी, अष्टकोनी आणि गोल अशा टप्प्यांनी बदलत जाते, आणि गोल भाग असा गुळगुळीत की दगड कातावर फिरवलेला कळतो.

झरोका मुद्दाम ठेवला की छत पुरे व्हायचे राहिले, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. यज्ञाचा धूर जाण्यासाठी तो आहे, असे गावात सांगतात. कडेवरची घडीव मूर्तिपट्टी आणि खालची बेतशीर शिळा पाहता तो आखूनच ठेवला असावा, हे मत जास्त पटते.

त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र नेमका झरोक्यावर येतो, अशी ख्याती आहे आणि ते पाहायला गर्दी होते. यात चमत्कार नाही, भूगोल आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या अंगाला असतो. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २१ अंशांवर, म्हणून चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला; आणि खिद्रापूर १६.७ उत्तर अक्षांशावर. त्यामुळे चंद्र डोक्यावरून, किंवा अगदी जवळून, जातो. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्याने दरवर्षी तो तंतोतंत मधोमध येईलच असे नाही. याच हिशेबाने मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी सूर्यही झरोक्यातून सरळ शिळेवर उतरतो. त्या उन्हात मात्र कोणी पाहायला जात नाही.

स्वर्गमंडपामागे ६० खांबांचा बंदिस्त सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्यापुढची छोटी जागा, आणि गाभारा. आत इतका काळोख की बाहेरून आलेल्याला काही वेळ खांब हातानेच कळतात. देवळाचा तळ ताराकृती आहे. बाहेरून पायथ्याला गजपट्ट, म्हणजे नव्वदहून अधिक हत्तींची रांग, जणू सगळे देऊळ त्यांच्या पाठीवर पेलले आहे. जवळून पाहिले तर प्रत्येकाची झूल आणि दागिने वेगळे दिसतात, आणि बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. हा विध्वंस औरंगजेबाच्या स्वारीत झाला, असे परंपरा सांगते. हत्तींच्या वर भिंतीवर देवदेवता आणि सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रीमूर्ती, आहेत. त्यांतल्याही कित्येकींचे चेहरे उरलेले नाहीत. गाभाऱ्यावरचे विटांचे शिखर नंतरच्या काळातले असून, खालच्या दगडकामाशी त्याचा मेळ बसत नाही.

१९५४ पासून हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. पूजाअर्चा चालू आहे. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवारी आसपासची गावे लोटतात. पावसाळ्यात जायचे तर आधी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावे वेढली गेली होती, आणि खिद्रापूर तर नदीच्या वळणातच वसलेले आहे.