छोटी पवनचक्की, बायोगॅस संच बनवायचं वर्कशॉप: पीएमईजीपीचा अर्ज कुठे अडतो

एक-दोन किलोवॉटची पवनचक्की, घरगुती बायोगॅस संच, सोलरचे स्टँड असं काही बनवायला साताऱ्यात नवं वर्कशॉप टाकायचं असेल, तर पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत, उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. वय 18 पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन आणि फुकट. ‘सबसिडी काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आधार, पॅन, जातीचा दाखला, प्रकल्प अहवाल जोडायचा, एजन्सी म्हणून जिल्हा उद्योग केंद्र निवडायचं. इथवर कुणी अडत नाही.

अडतं ग्रामीण दाखल्यावर. ग्रामीण भागात खुल्या गटाला 25 टक्के अनुदान, महिला, एससी, एसटी, ओबीसी, माजी सैनिकांना 35. शहरात तेच 15 आणि 25. सातारा पालिकेची हद्द 2020 मध्ये वाढली, शाहूपुरी आणि विलासपूर आत आलं. तरी ग्रामपंचायतीचा जुना दाखला जोडणारे भेटतातच. आणि बघतात ते गाळा कुठं आहे, तुमचं गाव कोणतं ते नाही.

दुसरी गाठ आठवी पासची. 10 लाखांवरच्या प्रकल्पाला ती लागतेच. आयुष्यभर वेल्डिंग केलेल्या, सातवीत शाळा सुटलेल्या कारागिराला हे सांगताना लाज वाटते, पण नियम आहे. मग प्रकल्प 10 लाखांच्या आत बसवा. पाती एकानं, जनरेटरचं वाइंडिंग दुसऱ्यानं, खांब तिसऱ्यानं असं काम वाटून घेतलं, तर सगळी यंत्रं एकालाच घ्यावी लागत नाहीत. मात्र नवरा-बायको मिळून एकच अर्ज चालतो. 10 लाखांपर्यंत बँकेनं तारण मागायचं नसतं. मागितलंच, तर मागणी लेखी द्या म्हणा.

जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. शेडचं भाडं धरतात, तेही 3 वर्षांपुरतं. शेड घरच्या जागेवर असेल आणि सात-बारा सामाईक असेल तर आत्यांच्या सह्या आधीच घ्या, नंतर कुणी मुंबईत तर कुणी रुसलेलं असतं.

अनुदान हातात येत नाही, हे अर्ध्या लोकांना कर्ज मंजूर झाल्यावर कळतं. ते 3 वर्षं बँकेत तुमच्या नावे ठेव म्हणून राहतं, पडताळणीनंतर कर्जात वळतं. तोवर स्वतःचे 10 टक्के, महिला, एससी वगैरे विशेष गटाला 5, घालावेच लागतात. चालू असलेलं वर्कशॉप नवं म्हणून दाखवू नका. उद्यम नोंदणीची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीची, तारीख लपत नाही.

सोलर पॅनल स्वतः बनवून विकणार असाल, तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा खर्च आणि वेळ अहवालात धरा. नुसत्या स्टँडला ती भानगड नाही.