नदीमुखावरील वाळूचे व्यवस्थापन

नदी समुद्राला मिळते तिथे साचणारी वाळू हलवून नौकामार्ग खुला ठेवणे आणि तीच वाळू शेजारच्या पुळणींपर्यंत पोहोचेल अशी तजवीज करणे, या दुहेरी कामाला नदीमुखावरील वाळूचे व्यवस्थापन म्हणतात. नुसता उपसा म्हणजे व्यवस्थापन नव्हे. उपसलेली वाळू खोल समुद्रात टाकली किंवा बांधकामाला विकली, तर मार्ग मोकळा होतो आणि किनारा खचतो.

मुखाशी साचलेली सगळी वाळू नदीनेच आणली, हा समज अनेक ठिकाणी चुकीचा ठरतो. किनाऱ्यावर तिरप्या आदळणाऱ्या लाटा वाळूला किनाऱ्यालगत पुढे सरकवत असतात. ही वाळू मुखाशी आली की भरती तिच्यातली काही आत खाडीत ओढते, ओहोटी काही बाहेर ढकलते आणि मुखासमोर कमानीसारखा दांडा तयार होतो. नावाड्यांना तो नकोसा: उथळ पाण्यात लाटा फुटतात आणि एका वादळात वाट बदलते. पलीकडच्या पुळणीसाठी मात्र हा दांडा पुलासारखा असतो, कारण त्याच्यावरूनच वाळू मुख ओलांडते.

मुख स्थिर करायला दोन्ही काठांवर दगडी भिंती समुद्रात नेल्या की हा पूल तुटतो. वाळू येते त्या बाजूची पुळण रुंदावते, पलीकडची उपाशी राहते. काही वर्षांनी वाळू भिंतीच्या टोकाला वळसा घालू लागते आणि दांडा पुन्हा, आता अधिक बाहेर, उभा राहतो.

उपाय म्हणजे अडलेली वाळू यंत्राने पलीकडे नेणे. याला सँड बायपासिंग म्हणतात. कुठे ड्रेजर, म्हणजे तळाची वाळू उपसणारे जहाज, ठरावीक काळाने वाळू उपसून पलीकडच्या उथळ पाण्यात सोडते, तर कुठे भिंतीचा काही भाग मुद्दाम बुटका ठेवून वाळू एका खड्ड्यात साचू देतात व तिथून उचलतात. कायमस्वरूपी पंप बसवणे खर्चिक, पण त्याने वाळूचा ओघ बराचसा अखंड राहतो. अमेरिकेत फ्लोरिडातील साउथ लेक वर्थ इनलेट येथे असा स्थिर पंप 1937 मध्ये सुरू झाला. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टजवळ नेरांग नदीच्या मुखाशी 1986 पासून अशी यंत्रणा आहे.

खरी कसोटी हिशेबाची असते. लाटांची दिशा ऋतूनुसार बदलते, त्यामुळे वाळू दोन्हीकडे ये-जा करते. पलीकडे न्यायची ती या दोन ओघांतली निव्वळ वजाबाकी. आतल्या खाडीतला गाळ बारीक असेल तर तो पुळणीवर टिकत नाही, शिवाय पाणी गढूळ करतो. म्हणून कणांचा आकार तपासावा लागतो आणि समुद्रतळ पुन्हापुन्हा मोजावा लागतो.

ट्वीड नदीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ही नदी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड यांच्या सीमेजवळ समुद्राला मिळते. तिथे 1960 च्या दशकात भिंती वाढवल्या आणि उत्तरेकडच्या कूलनगट्टा, किरा या पुळणी झिजल्या. म्हणजे भिंती एका राज्यात आणि नुकसान बरेचसे दुसऱ्यात. अखेर दोन्ही राज्यांनी मिळून योजना आखली. 2001 पासून मुखाच्या दक्षिणेला, समुद्रात सुमारे 450 मीटर गेलेल्या जेटीखालचे पंप वाळू शोषतात. प्रत्येक पंपाभोवती खड्डा पडतो आणि लाटांसोबत येणारी वाळू त्यात आपोआप घसरते. मग पाण्यात मिसळलेली ही वाळू नदीखालून गेलेल्या नळातून उत्तरेला सोडली जाते. इथला नैसर्गिक ओघ वर्षाला साधारण 5 लाख घनमीटर धरला जातो. सुरुवातीला जुनी तूट भरून काढायची म्हणून याहून जास्त वाळू टाकली गेली. स्नॅपर रॉक्सपासून पुढे लाटांवर स्वारी करणाऱ्यांना ‘सुपरबँक’ नावाचा लांबलचक वाळूपट्टा मिळाला; पण किराची पुळण इतकी रुंदावली की तिथल्या नावाजलेल्या लाटा बिघडल्या आणि खडकाळ तळ वाळूखाली गेला. झिजलेल्या पुळणीसाठी झगडलेल्या किनाऱ्यावरच वाळू फार झाल्याची तक्रार उठली. नंतर पंपाचा वेग नैसर्गिक ओघाच्या जवळ आणण्यात आला.