जनुक तेच, पण रक्तातलं की गाठीतलं?

वडिलांच्या गालातल्या कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट येतो. त्यावर टीपी५३ या जनुकात बदल असल्याचं लिहिलेलं असतं आणि घरात पहिला प्रश्न निघतो: "म्हणजे आता आम्हा भावंडांनाही होणार का?" ही भीती मी समजू शकते. पण बहुतेक वेळा तो कागद हे सांगतच नसतो.

गाठीतला बदल बहुतेकदा आयुष्यात मागाहून घडलेला असतो. तंबाखू, सुपारी, गुटखा वर्षानुवर्षं एकाच गालफडात धरला की तिथल्या पेशींची जनुकं बिघडत जातात. तो बदल बायोप्सीच्या तुकड्यात सापडतो आणि मुलांकडे जात नाही. (मिश्री लावायची सवय मात्र घरातल्या घरात सहज उचलली जाते, तिची काळजी जरूर करा.) जन्मजात बदल बहुधा आई किंवा वडिलांकडून येतो, जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो आणि रक्ताच्या जनुकीय तपासणीत दिसतो.

घोळ होतो तो नावामुळे. टीपी५३ जन्मतःच बिघडलेलं असेल तर ली-फ्रॉमेनी नावाचा दुर्मीळ आजार होतो. अशा कुटुंबांत कमी वयात निरनिराळे कॅन्सर दिसतात. तोंडाच्या गाठींमध्ये मात्र याच जनुकातला बदल अगदी नेहमीचा. पश्चिम बंगालमधलं कल्याणी आणि आपलं खारघर इथल्या संशोधकांनी हिरडी आणि गालाच्या कॅन्सरचा जो अभ्यास २०१३ साली मांडला, त्यातही तो ठळकपणे दिसला.

पुढे काय होईल, हे यातलं कोण सांगतं? गाठीतला बदल थोडंफार सांगतो. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ४२० रुग्णांवरच्या २००७ च्या अभ्यासात, टीपी५३चं प्रथिन पार निकामी करणारा बदल असलेले रुग्ण तुलनेनं कमी जगले. जन्मजात बदल बहुधा वेगळ्याच गोष्टीचा इशारा देतो: शरीराला उपचार कितपत सोसेल. डीपीवायडी जनुक कमकुवत असेल तर फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध शरीरात नीट मोडलं जात नाही आणि नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. जीएसटीएम१ जनुक जन्मतःच नसण्याचा संबंध कॅन्सरच्या धोक्याशी जोडला गेला आहे. रुग्ण किती जगेल याचा अंदाज त्यावरून बांधू नये.

आजही डॉक्टर आधी बघतात ते गाठ किती खोल गेली आणि मानेतल्या गाठींपर्यंत (म्हणजे लसीका ग्रंथींपर्यंत) पोचली का. टाटा हॉस्पिटलच्या २०१५ च्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण होते. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. वाट पाहून नंतर काढायचं ठरवलेल्यांत ६७.५ टक्के. इतका मोठा फरक, आणि त्यासाठी एकही जनुक तपासावं लागलं नाही.

मग रक्ताची जनुकीय तपासणी कधी? रुग्ण तिशीच्या आतला, तंबाखूला कधी न शिवलेला, त्यात लहानपणापासून रक्तपेशी कमी असतील तर डॉक्टरांना फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या जन्मजात आजाराबद्दल नक्की विचारा, आणि तेही केमो-रेडिएशन सुरू होण्याआधी. या आजारात पेशींना डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा नेहमीचा डोस फार घातक ठरतो.